कुंदाबाईंनी न सोडलेला जोडविषय

प्रा. कुंदाबाई वाळके यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळींनी ‘वादाचे विषय टाळावेत’ अशी प्रेमळ सूचना केली. ती मी मानणार नाही. बाईंच्या आयुष्यातून वाद काढून टाकला तर हारतुरेच उरतील, आणि हार घालून घेताना बाई नेहमी कपाळाला आठी घालतात.

त्यांची पहिली ओळख चंद्रपूरला, कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीवर झाली. मी चिमूरजवळच्या खेड्यातून आले होते. मला मराठी वाङ्मय आणि मानसशास्त्र दोन्ही शिकायचे होते. “दोन्हीचे तास एकाच वेळी हायेत, एक सोड,” कारकून म्हणाले. मी मान डोलावणार तोच मागून बाईंचा आवाज आला, “काऊन सोडाचं? वेळापत्रक तिनं बनवलं काय?”

बाई दोन्ही विषयांत एम.ए. होत्या आणि दोन्ही विभागांना नकोशा होत्या. मराठीवाले त्यांना ‘वेड्यांच्या बाई’ म्हणत, मानसशास्त्रवाले ‘गोष्टीवाल्या बाई’. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मानसशास्त्राचा तास सकाळी सातला व्हरांड्यात सुरू केला. प्राचार्यांनी हरकत घेतली तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “बंद झाला म्हणून पोरायले तुम्हीच सांगा, सर. साताले या.” प्राचार्य सातला कधी आले नाहीत आणि तास चालू राहिला.

हिवाळ्यात त्या आम्हांला वडशाला झाडीपट्टीचे रात्रभर चालणारे नाटक दाखवायला नेत. एका वर्षी नाटकात भावजयीला छळणाऱ्या दिराचे काम फार जोरदार झाले होते. सकाळी तोच नट स्टँडवरच्या टपरीवर चहा प्यायला आला, तर टपरीवाल्या बाईंनी त्याला चहा द्यायचे साफ नाकारले. आम्ही खो खो हसलो. कुंदाबाई मात्र आमच्यावर रागावल्या. टपरीवाल्या बाईंजवळ जाऊन बसल्या आणि चहा का दिला नाही ते त्यांनी विचारले. टपरीवाल्या बाई म्हणाल्या, “नाटक होतं, मले समजते ना. पण माह्या बहिणीचा देर असाच होता. हात उचलतच नाई कप द्याले.”

परतीच्या गाडीत बाईंनी आम्हांला एकच प्रश्न घातला: हे वाङ्मयात लिहाल की मानसशास्त्रात? गडचांदूरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, दोन्हीत लिहा लागंल.” बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. नट बिचारा बिनचहाचाच गेला, त्याचे आम्हांला आजही वाईट वाटते.

माझा भाऊ गेला तेव्हा आई बोलेनाशी झाली होती. बाई आमच्या गावी आल्या. त्यांनी सांत्वन केले नाही की सल्ला दिला नाही. अंगणात आईसोबत मोहफुले निवडत दुपारभर बसल्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा आल्या. त्या दिवशी आईने आपणहून भावाच्या लहानपणीची एक खोडी सांगितली, मग दुसरी. आम्ही वर्गात शिकत होतो ते कशासाठी, हे मला त्या अंगणात कळले. म्हणूनच आज मी त्याच कॉलेजात मराठी शिकवते.

आणि आता वादाचा विषय. मुलांची संख्या कमी पडते म्हणून येत्या वर्षापासून मराठी-मानसशास्त्राची ही जोडी बंद करायचे घाटते आहे. जंगलातल्या मुलांना एकच विषय पुरे, असे बैठकीत एकाने म्हटले. मला त्याचा संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. शहरातल्या मुलांनी काय हवे ते निवडावे आणि आमच्या मुलांनी उरेल ते घ्यावे, हे कोणी ठरवले?

हे ऐकून बाई काठी टेकत ऑफिसात आल्या आणि त्यांनी पहिल्या वर्षाला प्रवेश मागितला. कारकून गोंधळले. “बाई, तुम्हीच तं शिकवत होत्या हे दोन्ही!”

“शिकवत होतो. शिकाले फुरसत कुठी भेटली?”

बाई, तुमच्या डोळ्यांना तेज आणि गुडघ्यांना बळ लाभो, शंभरीनंतरही तुमचे भांडण ताजे राहो. जुलैत सकाळी सातला या जोडीचा पहिला तास मी घेणार आहे. वर्ग बंद करायला जे येतील त्यांना आधी पहिल्या बाकावरून तुम्हांला उठवावे लागेल. तेवढे उठू नका.