गादीवरचं प्लास्टिक

उमरेड रोडवरच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या पिकअपच्या मागे झोपायची खोली बसवली आहे. कच्च्या रस्त्याने भटकून आलो की तिचे बोल्ट ढिले होतात. तो आधी खोलीला खांदा लावून हलवतो, डोळे मिटून आवाज ऐकतो आणि मगच पाना उचलतो.

परवा बोल्ट कसायला आत शिरला आणि थबकला.

"काहून जी, गादीचं प्लास्टिक काढलंच नाही अजून?"

"झोपायला थांबतो कुठे!" मी येरझाऱ्या घालत म्हणालो.

बोल्ट कसून बाहेर आल्यावर त्याने पुन्हा खोलीला खांदा लावून पाहिला. "खोली आता नाही हालत, भाऊ. तुम्हीच हालून राहिले."

मी हसलो आणि परत कच्च्या रस्त्याला लागलो. बोल्ट गप्प होते. प्लास्टिक मात्र दगडादगडाला कुरकुरत होतं.