इंग्रजीतली काळजी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. चार माणसं दर रविवारी एका खोलीत बसली की ते आपोआप साचतात, कोपऱ्यातल्या धुळीसारखे! आमची खोली बेळगावात, शहापुरातल्या एका साडीच्या दुकानावर होती. लढाईचे दिवस होते. निवृत्त झालेले एक मास्तर आम्हा मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचे. एका रविवारी त्यांनी फळ्यावर शब्द लिहिला, ‘अँक्शस’.

“म्हणजे काळजीत असलेला,” मास्तर म्हणाले. “प्रत्येकानं वाक्य करायचं. पण खरं! स्वतःची काळजी असली तरच बोला, नाहीतर तासभर उभे राहा.”

या एका शब्दानं आमचा सगळा पावसाळा खाल्ला.

* * *

पहिले उठले नेमाण्णा. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. शनिवारी बेळगावला माल घेऊन यायचे आणि वर्गासाठी मुक्काम वाढवायचे. ते ठणकावून म्हणाले, “आय ॲम नॉट अँक्शस!”

“नेमाण्णा, खरं बोला.”

“मास्तर, व्यापाऱ्यानं काळजी बोलून दाखवली की दर पडतोय!”

नेमाण्णा तासभर उभे राहिले. दर मात्र पडू दिला नाही.

* * *

बाबूअण्णा विणकर. दिवसभर माग चालवून चालवून त्यांचे पाय वर्गातसुद्धा हलत असत. त्यांचा मुलगा त्या वर्षी मॅट्रिकला होता. अण्णांनी बराच वेळ मनात जुळवाजुळव केली आणि म्हणाले, “आय ॲम अँक्शस, बिकॉज माय सन इज नॉट अँक्शस.”

मास्तरांनी खडू खाली ठेवला. “बाबूराव, जन्मभर शिकवलं, पण असलं वाक्य मला सुचलं नाही.”

“तुम्हाला पोरगं न्हाय न्हवं, मास्तर,” अण्णा म्हणाले.

* * *

एकदा नेमाण्णांनीच मास्तरांना पकडलं. “आमची वाक्यं झाली. तुमचं कुठं हाय?”

मास्तर खिडकीतून खालच्या गल्लीकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, “आय ॲम अँक्शस दॅट यू विल लर्न इंग्लिश अँड गो अवे.”

 नेमाण्णाच म्हणाले, “त्याची काळजी सोडा मास्तर. आम्ही शिकतोय कुठं!”

* * *

आता गंगूआक्काचं सांगतो. ती बाबूअण्णांची धाकटी बहीण, खानापूरकडच्या खेड्यात दिलेली. नवरा पलटणीतून समुद्रापार गेला होता आणि कित्येक महिन्यांत त्याची काही खबर नव्हती. म्हणून ती भावाकडे येऊन राहिली होती. कॅम्पातल्या पलटणीच्या कचेरीत गेलं की दारावरचा शिपाई म्हणे, “साहेब नवा आहे, इंग्रजीच बोलतो. तुला काय कळणार?” साहेबाला स्वतःच्या तोंडानं विचारायचं, एवढ्यासाठी ती वर्गात यायची.

तिचं वाक्य मास्तरांनी बांधून दिलं होतं. ती भरभर म्हणायची, “सर, आय ॲम अँक्शस अबाउट माय हजबंड...” आणि थांबायची.

“पुढे नाव,” मास्तर म्हणायचे.

आक्का पदर सारखा करायची. “उखाण्यात घेऊ?”

“घे की!” नेमाण्णा म्हणाले. “साहेब टाळ्या वाजवंल!”

“गंगूबाई,” मास्तर म्हणाले, “नुसतं हजबंड म्हणून कसं चालेल? पलटणीत सगळेच कोणाचे तरी हजबंड!”

“मी सांगतो की नाव,” बाबूअण्णा म्हणाले.

“काळजी तुला हाय का मला, अण्णा?”

प्रत्येक रविवारी ती तिथवर येऊन थांबायची. बिनउखाण्याचं नाव तिच्या तोंडून निघेना.

* * *

दसऱ्यानंतर आम्ही तिला घेऊन कॅम्पात गेलो. साहेब कोवळा पोरगाच होता. मास्तर पुढे सरले, पण आक्कानं त्यांना हातानं मागे केलं.

“सर, आय ॲम अँक्शस अबाउट माय हजबंड, सिपाई मारुती ज्योतिबा!”

एका दमात! बाबूअण्णांचे पायसुद्धा हलायचे थांबले.

साहेबानं नाव लिहून घेतलं. अजून काही खबर नाही, चौकशी करतो, म्हणाला. मास्तरांनी ते मराठीत सांगितलं. आक्कानं मान हलवली आणि पायऱ्या उतरली.

परतीचा रस्ता झाडांचा, शांत. तिकडे आमच्या ओळखीचं कोणी भेटत नाही. ओळखी सुरू होतात त्या पुढे, खडेबाजारात. पुढे आम्ही पुरुष, मागे आक्का.

“नाव घेतलंस की गं!” बाबूअण्णा म्हणाले.

“इंग्रजीत घेतलं. त्येला उखाणा लागत न्हाय.”

थोडं पुढे गेलो, तर मागून हळू आवाजात तेच वाक्य, नावासकट. ते संपलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

बाबूअण्णा वळले. “गंगू, आता कुणाला सांगतीस? साहेब मागं ऱ्हायला.”

आक्कानं मान वर केली नाही.

“खडेबाजार येईस्तोवर म्हणू दे रं, अण्णा.”