गोडा मसाल्याच्या डब्यातलं माल्ट

न्यूझीलंडमधल्या आमच्या अप्पर हट गावात सुलभाताई पाध्ये कुणाला माहीत नाहीत असं मराठी घर सापडायचं नाही. आयुष्यभर हॉस्पिटलच्या फार्मसीत काम केलेली बाई. अजूनही सुपरमार्केटच्या रांगेत कुणाला थांबवून सांगतील, ती गोळी दुधाबरोबर घेऊ नका हं. आणि त्या घरी गॅरेजमध्ये बिअर करतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. बिअर म्हटलं की त्या लगेच म्हणतात, "एल. बिअरच्या जातीतली, पण मी एलच करते. फळांसारखा वास असतो तिला, आणि करायला फार थंडावा लागत नाही."

मी स्वतः थेंबभर घेत नाही. एकादशी, गुरुवार, चातुर्मास, इथे येऊन अठरा वर्षं झाली तरी काही सोडलेलं नाही. म्हणून सुरुवातीला मी त्यांच्या गॅरेजच्या दारातूनच बोलायची. माझी स्वानंदी म्हणायची, "आई, इट्स जस्ट बिअर." ते मला पटायचं नाही. पण एकदा सकाळी पूजेला बसले असताना मनात आलं, देवाला रोज म्हणते माणसं नीट बघायला शिकव, आणि मी तर उंबऱ्यावरूनच परत फिरते. रोजच्या वहीत तेवढं एक वाक्य लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी आत गेले. घेत नाही ते नाहीच, पण बघायला कुणाची ना नाही.

आत जाऊन बघितलं तर स्वयंपाकघरच ते. फळीवर माल्टचे डबे. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. नाचणीचं सत्त्व करताना आपण मोड आणतो, तसेच. काही हलके भाजलेले, काही कॉफीसारखे काळे. फ्रीजरमध्ये हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडू फुलं, कढीला फोडणी तशी ती एलला. आणि मधोमध ओट्यावर वजनकाटा, पुसून लख्ख केलेला.

तो काटा सुलभाताईंसाठी काय आहे ते मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी मनगटं दुखायला लागली म्हणून त्यांनी फार्मसी सोडली, आणि बाई गप्पच झाली. भजनाला यायच्या, टाळ हातात धरून नुसत्या बसायच्या. मग शेजारच्या ग्रॅहमने घर आवरताना आपली एल करायची जुनी भांडी त्यांना दिली. पहिल्या महिन्यात त्या मला फोन करून चाळीस मिनिटं पाण्यातल्या क्षारांबद्दल बोलल्या. मला काही कळलं नाही, पण आवाज जुना होता. ते गॅरेज गेलं असतं तर तो आवाजही गेला असता.

आणि ते जायची वेळ आली. त्यांचे यजमान, मधुकरराव, पाण्याच्या पाइपलाइनींचे इंजिनिअर, मे महिन्यात रिटायर झाले आणि त्यांना टेबल टेनिस खेळायची हुक्की आली.

"हे गॅरेज आहे का वाण्याचं दुकान?" ते म्हणाले. मी तेव्हा मेथी द्यायला गेले होते. "नीतावहिनी, तुम्हीच सांगा. फ्रीजरमध्ये हिची फुलं, फळीवर हिचं धान्य, आणि रोज नवीन पुडी येतेच आहे."

"रोज नाही येत," सुलभाताई म्हणाल्या.

"बरं, एक काम कर. मातारिकीला, माओरींच्या पाडव्याला, आपण शेजाऱ्यांना जेवायला बोलावतोय ना? त्या दिवसासाठी एक एल कर. दुकानातून काही आणायचं नाही, घरात आहे त्यातूनच. पाहुण्यांनी आपणहून परत मागितली तर गॅरेज तुझं, मी विषय काढणार नाही. नाही मागितली तर भांडी ग्रॅहमला परत आणि माझं टेबल आत."

"पाहुण्यांना हे आधी सांगायचं नाही. नाहीतर बिचारे भिडेखातर पितील."

"नाही सांगणार."

"आणि ठरवणार कोण?"

"मी. मी खोटं बोलत नाही हे तुला माहीत आहे."

"ते खरंय हो. मला बघायला आले होते तेव्हा माझ्या आईला म्हणाले, पोहे खारट झालेत."

"झालेच होते," मधुकरराव म्हणाले.

मला सुलभाताईंची काळजी वाटली, पण त्यांना स्वतःला अजिबात नाही. बाकीचे लोक आधी पुस्तकातली रेसिपी निवडतात आणि मग यादी घेऊन दुकानात जातात. त्यांची रीत उलटी. आधी फळी बघायची, मग ठरवायचं काय होईल. मला ते लगेच समजलं. सोमवारी संध्याकाळी आपण काय वेगळं करतो? अर्धा कोबी आहे, मूठभर हरभऱ्याची डाळ आहे, झाली भाजी.

पण दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. "नीता, ये जरा. तुझं नाक घेऊन ये."

झालं होतं असं. पैज लागली म्हणून मधुकररावांनी उदार मनाने गॅरेज आवरून दिलं. माल्टची मोठी पिशवी एका बाजूने फाटली होती. त्यांनी तिच्यातलं धान्य दोन डब्यांत भरलं. एक नवा प्लॅस्टिकचा. दुसरा स्टीलचा, उंच, घट्ट झाकणाचा. आता आपल्याकडे असा डबा कुणी टाकतं का? पुण्याहून सुलभाताईंच्या नणंदबाई वर्षाचा गोडा मसाला त्याच डब्यातून पाठवायच्या.

"धुतला होता मी," मधुकरराव दारात उभे राहून म्हणाले. "गरम पाण्याने, साबणाने. दोनदा."

"झाकणाचं रबर धुतलंत?"

"त्याला रबर आहे?"

मी झाकण उघडलं आणि मला एकदम भरली वांगी आठवली. रात्रभरात त्या कोरड्या जवांनी सगळा वास पिऊन घेतला होता. लवंग, दालचिनी, आणि सगळ्यांच्या वर दगडफूल.

मधुकररावांचा चेहरा उतरला. "पैज रद्द समज," ते म्हणाले. "माझ्यामुळे झालं. तू नवीन माल्ट आण."

मला वाटलं, सुटलो. पण सुलभाताईंनी झाकण परत लावलं. "घरात आहे त्यातून करायची असं ठरलंय. हेही घरातच आहे. आता तुम्ही जा, मला काम करू द्या."

मग त्यांनी ओट्यावर चार वाट्या मांडल्या. पहिलीत नुसतं चांगलं माल्ट, शेवटच्या वाटीत नुसतं डब्यातलं, मधल्या दोन वाट्यांत मिश्रण, एकीत डब्यातलं कमी, एकीत जास्त. सगळं काट्यावर तोलून. प्रत्येकीत कडकडीत पाणी ओतलं आणि वर बशा झाकल्या.

"ह्या चाखून बघ," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

"ताई, मी कशी..."

"अगं, यीस्ट पडलेलं नाही. दारू व्हायला अजून बराच अवकाश आहे. हे जवाचं गोड पाणी आहे. उपासाला नाही चालणार, पण आज उपास नाही ना तुझा?"

नव्हता. मी चाखलं. पहिलं गोड, बिस्किटासारखं. शेवटचं म्हणजे आमटीत साखर पडल्यासारखं. तिसरी वाटी बरी वाटली, पण गिळल्यावर मागे काहीतरी मातकट राहत होतं.

"दगडफूल," मी म्हटलं. "मसाला जास्त झाला की आमटीत तेच वर येतं. लवंग-दालचिनी चालेल, पण हे दाबायला हवं."

"तू कशाने दाबतेस?"

"गूळ. आणि थोडं खोबरं जास्त भाजून, काळसर."

सुलभाताईंनी फळीकडे बघितलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. फार्मसीच्या काउंटरमागे प्रिस्क्रिप्शन हातात घेतल्यावर त्यांचा असाच चेहरा व्हायचा. त्या बोलत गेल्या आणि एकेक डबा पुढे काढत गेल्या.

"फिकी एल करायची होती, ती राहू दे. फिक्या रंगात हा वास उघडा पडेल. गडद करू. काळं भाजलेलं माल्ट ओंजळभर आहे, तेवढं पुरे, जास्त झालं तर जळकट लागेल. चांगल्यातलं थोडं मी ओव्हनमध्ये खरपूस भाजते, ते तुझं खोबरं. ओट्स आहेत, यांच्या नाश्त्याचे, ते घातले की तोंडात जाडसर लागेल. गूळ आहे. हॉप्स..." त्यांनी फ्रीजरमधून उघड्या पुड्या काढल्या, एकेक हुंगली. एकीला चीजसारखा वास यायला लागला होता, ती सरळ कचऱ्यात. "कडूपणा कमी ठेवू. मसाला आणि कडू एकत्र आले की काढा होतो. ही मोटुएका जातीच्या हॉप्सची पुडी सुरुवातीला उकळायला. शेवटी वासासाठी काही नाही. वास आपल्याकडे आहेच."

"आणि डब्यातलं माल्ट किती?"

"दुसऱ्या वाटीपेक्षा थोडं जास्त, तिसरीपेक्षा कमी."

"सगळं वापरलं नाही तर उरेल ना?"

"उरेल. असेल तेवढं सगळं घालायलाच हवं, असं कुठे आहे?"

यीस्टची पुडी एकच होती, तीही तारीख उलटलेली. मी तोंड वाकडं केलं तर त्या म्हणाल्या, "तारखेचं मला नको सांगू, जन्मभर तारखाच वाचल्यात. जिवंत आहे का ते विचारू आधी." काचेच्या बरणीत थोडं उकळून निववलेलं गोड पाणी घेऊन त्यांनी त्यात यीस्ट सोडलं. दुसऱ्या दिवशी बरणीवर इडलीच्या पिठासारखा फेस आला होता.

शनिवारी एल शिजली. जूनमध्ये आमच्याकडे हिवाळा, सकाळी गवतावर हिमाचं पांढरं पडतं, गॅरेजमध्ये यीस्ट झोपीच गेलं असतं. म्हणून मोठी बादली घरात आणून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवली. त्या कपाटात आमच्याकडे सगळ्यांचीच दह्याची विरजणं असतात.

"माझं दही कुठे गेलं?" मधुकरराव.

"ओव्हनमध्ये. दिवा लावून ठेवलाय."

"मी हरलो तर दही परत जाईल का आत?"

"तुम्ही जिंकलात तरी जाईल. पंधरा दिवस थांबा."

ते रोज कपाटाशी जाऊन बादलीच्या नळीतून येणारा बुडबुड आवाज ऐकायचे. मला म्हणाले, "पाइपलाइनमध्ये असा आवाज आला असता तर मी रात्रभर झोपलो नसतो." पुढे एल बाटल्यांत भरली, चमचाभर साखर घालून, आणि मग वाट बघणं.

मातारिकीच्या संध्याकाळी थंडी कडक होती. पाहुणे तिघेच. ग्रॅहम, पलीकडच्या घरातली हिने नावाची माओरी बाई, जी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे आणि सुलभाताईंना वीस वर्षं ओळखते, आणि नितीश, पुण्याहून आलेला आयटीतला मुलगा, जो कुठल्याही बिअरचं नाव ऐकून आधी नाक मुरडतो. मी बटाटेवडे आणि भाजलेल्या कुमाराची, म्हणजे इथल्या रताळ्याची, भाजी नेली होती. स्वयंपाकघरात गेल्यावर मी मनातल्या मनात नामस्मरण सुरू केलं. दारूसाठी देवाला साकडं घालावं का, हा प्रश्न आला मनात. मग म्हटलं, मी दारूसाठी नाही घालत आहे.

सुलभाताईंनी ग्लास भरले. रंग तांबूस काळा, वर वाळूच्या रंगाचा फेस. आणि लगेच वडे वाढायला लागल्या. मधुकरराव मात्र ताट पुढे घेऊन जेवायचं विसरले होते.

हिनेने घोट घेतला, डोळे मिटले. "ख्रिसमस पुडिंग," ती म्हणाली, "पण जंगलात फिरून आलेलं." अर्ध्या जेवणातच तिने रिकामा ग्लास परत पुढे केला.

नितीश बराच वेळ ग्लास दिव्यासमोर धरून बसला होता. "काकू, ह्यात काय आहे?"

"तुला काय वाटतं?"

"माझ्या आजीचं स्वयंपाकघर," तो म्हणाला, आणि जरा लाजला. "थोडी अजून मिळेल?"

राहिला ग्रॅहम. बोलणं कमी असलेला माणूस, पंच्याहत्तरीचा. त्याचा ग्लास रिकामा होऊन बाजूला होता आणि तो वडा खात होता. दुसरा वडा खाल्ला. नितीशशी रग्बीबद्दल बोलला. मधुकरराव एकदा ग्लासकडे, एकदा बायकोकडे बघत होते. मला वाटलं उठून आपणच विचारावं, पण तसं ठरलं नव्हतं.

शेवटी ग्रॅहमने हात पुसले. "सुलभा, देअर एनी मोअर ऑफ दॅट?"

त्या ग्लास भरत असताना मधुकररावांनी आपल्या स्वतःच्या ग्लासातला, इतका वेळ न संपलेला घोट संपवला आणि मराठीत, शांतपणे म्हणाले, "मला नाही आवडली. मला ह्यात वांगी दिसतात. पण माझ्या आवडीचा प्रश्न नव्हता. गॅरेज तुझं."

"नुसतं तेवढं नको," सुलभाताई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्यासमोर खुर्ची ओढली आणि बसल्या. "काय जास्त झालंय ते सांगा."

मधुकररावांनी विचार केला. खोटं बोलायचं नाही म्हणून वेळ लागला. "शेवटी मातकट लागतं. घशात."

"दगडफूल. बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "डब्यात अजून तेवढंच उरलंय. पुढच्या वेळी निम्मं घालते आणि ओट्स वाढवते. परवा वाट्या मांडणार आहे, तुम्हीच चाखायला बसा. नीताचं नाक चांगलं आहे, पण ती यीस्टच्या पुढे येत नाही."

"मग माझं टेबल?"

"घडीचं घ्या," त्या म्हणाल्या आणि हिनेला वडा वाढायला उठल्या.