गुडघ्याखालची पट्टी

“शैला, ही खालची पट्टी उसवून टाक,” कॅरन म्हणाली, “मग ड्रेस एकदम परफेक्ट होईल.”

कपड्यांच्या म्युझियममध्ये कोणी ‘उसवून टाक’ म्हणालं की मी आधी कात्री लपवते. टेबलावर निळ्या रेशमाचा जुना ड्रेस पसरलेला होता आणि प्रदर्शनाचं उद्घाटन तोंडावर आलं होतं. कॅरन आमची क्युरेटर, म्हणजे माझी बॉस. प्रदर्शनात काय मांडायचं आणि त्यातून कोणती गोष्ट सांगायची हे ती ठरवायची. मांडलेला कपडा जगवायचा, हे माझं काम. माझ्या दारावर ‘टेक्स्टाइल कन्झर्व्हेटर’ अशी पाटी होती. आमच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात मात्र एका काकूंनी “म्हणजे रफू करतेस ना गं?” असं विचारून माझ्या डिग्रीचा निकाल लावला होता. खरं तर आम्ही कपडा नवा करत नाही. आहे त्याहून जास्त बिघडू देत नाही, इतकंच.

गोष्ट १९९०च्या दशकातली, डेट्रॉइटजवळच्या एका छोट्या म्युझियममधली. प्रदर्शन होतं १९२०च्या दशकातल्या बायकांच्या कपड्यांचं. पहिलं महायुद्ध संपलं, अमेरिकेत बायकांना मताचा हक्क मिळाला, मुली टायपिस्ट होऊन ऑफिसात जाऊ लागल्या. त्यांनी केस कापले, श्वास कोंडणारे कॉर्सेट फेकून दिले, आणि घोट्यापर्यंतचा झगा गुडघ्यापर्यंत वर नेला. अशा मुलींना लोक ‘फ्लॅपर’ म्हणत, काही कौतुकाने आणि बरेचसे नाक मुरडून. कॅरनच्या मुख्य पॅनेलवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘हेम वर गेली, बाई मोकळी झाली.’ हेम म्हणजे ड्रेसची खालची दुमडून शिवलेली कड. वाक्य मलाही आवडलं होतं.

पंचाईत या निळ्या ड्रेसची होती. कमरेची शिवण नितंबांवर घसरलेली, अंगाला सरळसोट, सगळं फ्लॅपरसारखं. पण गुडघ्याच्या खाली किंचित वेगळ्या निळ्या रंगाची रुंद पट्टी जोडलेली होती आणि ड्रेस थेट घोट्यापर्यंत पोचत होता.

“१९३०च्या दशकात फॅशन परत लांब झाली,” कॅरन म्हणाली. “तेव्हा कोणीतरी जोडली असणार. ओरिजिनल नाही ती.”

“मला आधी बघू दे.”

“शैला, प्लीज! शाळेची मुलं येणार आहेत. एकीकडे हेम वर गेली म्हणायचं आणि समोर हा लांब ड्रेस? मी काय उत्तर देऊ?”

तिचंही चूक नव्हतं. म्युझियमला माणसं यायला हवीत, तर गोष्ट सोपी हवी.

“नंतर परत शिवून टाक ना,” ती म्हणाली.

तेच तर जमणार नव्हतं. त्या काळात रेशीम जड वाटावं म्हणून गिरण्या त्याला धातूचे क्षार पाजत. ते क्षार पुढे रेशमाला आतून खातात. जुन्या पापडासारखं ते हात लावताच तुटतं. उसवलेल्या भोकांतून पुन्हा सुई घातली असती, तर पट्टीची चिंधी झाली असती. एकदा काढली की गेली.

मी ड्रेस काळ्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याखाली धरला. अलीकडचा दोरा त्या उजेडात बहुधा चमकतो. हा चमकला नाही. दोरा जुना होता. मग भिंग घेऊन गुडघ्याजवळची मूळ घडी पाहिली. घातलेल्या ड्रेसची हेम घासते, मळते. ही घडी मात्र कोरी करकरीत होती. उलट पट्टीची खालची कड पार झिजलेली. म्हणजे हा ड्रेस आखूड असा कधी घातलाच गेला नव्हता. पट्टी आधी लागली, ड्रेस नंतर अंगावर चढला.

“जगभर आखूड कपड्यांची धूम, आणि ही बाई नवाकोरा ड्रेस आणून लांब करते?” कॅरन म्हणाली. “का?”

“विचारू या की. हयात आहेत.”

ड्रेस डेनिस नावाच्या एका शाळामास्तरीणबाईंनी दिला होता, तो त्यांच्या आजीचा. आजी नव्वदीला टेकलेल्या, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. डेनिसने फोनवर बजावलं, “तिला मिस रूथच म्हणा. नुसतं रूथ म्हणलेलं तिला चालत नाही.” आम्ही दोघी डेट्रॉइटला त्यांच्या घरी गेलो.

मिस रूथ खुर्चीत ताठ बसल्या होत्या. घरातच होत्या, तरी डोक्यावर हॅट होती. कॅरनने पट्टीचा विषय काढला, तशा त्या हसल्या.

“तिकडे दक्षिणेत, जॉर्जियात, मी काळी पोर लहानपणापासून एका गोऱ्या घरात कामाला होते,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या मुलींचे जुने झगे मला मिळायचे, आखूड झालेले. त्यांच्या मुली वाढल्या तसे त्यांचे झगे लांब झाले. मी वाढले तरी माझा झगा गुडघ्यावरच. फरशी पुसणारीला लांब कापड कशाला? रस्त्यातून चालले की झग्यावरून लोक ओळखायचे, ही कोण ते.”

“आणि डेट्रॉइटला आल्यावर?” मी विचारलं.

“लाँड्रीत काम मिळालं. पहिला नवा ड्रेस घ्यायला गेले. दुकानातली बाई म्हणाली, यंदा सगळ्या मुली आखूडच घालतात. मी म्हटलं, बाई, मी जन्मभर आखूडच घातलाय!” त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. “गुडघे दाखवायची मौज कोणाला? ज्यांचे गुडघे आधी झाकलेले होते त्यांना. मी पट्टी आणली, हाताने शिवली आणि रविवारी चर्चला गेले. तोवर मी सगळ्यांची नुसती रूथ. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी मला मिस रूथ म्हणालं.”

मी न ठरवता बोलून गेले.

“माझ्या आजीचंही असंच होतं,” मी म्हटलं. आमच्या समाजाला तेव्हा अस्पृश्य म्हणत. गावात आमच्या बायकांनी लुगडं गुडघ्याशी वर खोचूनच नेसायचं. घोट्यापर्यंत सोडलं तर ती वरच्यांची बरोबरी ठरायची. अंगावर जाडजूड कथला-चांदीचे दागिने, लांबूनच जात कळावी म्हणून. मग महाडच्या तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या काळात सभेतून बायकांना सांगितलं गेलं, लुगडं नीट घोट्यापर्यंत नेसा, ते दागिने उतरवा. आजीने दुसऱ्याच दिवशी लुगडं खाली सोडलं. गाव कुजबुजलं, हसलं, दमदाटीही झाली. आजीने ते पुन्हा वर घेतलं नाही.

“कधीची गोष्ट?” मिस रूथनी विचारलं.

“तुम्ही पट्टी शिवलीत, त्याच सुमाराची.”

त्यांनी हात पुढे केला. मी धरला.

“कोणत्या रंगाचं नेसली होती गं ती?”

मला सांगता आलं नाही. वापरून वापरून ते लुगडं केव्हाच गोधडीत गेलं होतं आणि आजीही गेली होती. जगातल्या बायकांच्या कपड्यांचा रंग सांगायचा पगार घेणारी मी, आपल्या आजीला हे कधी विचारलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

परतताना गाडी कॅरन चालवत होती. विचारांच्या नादात तिने हायवेवरून उतरायची आमची एक्झिट चुकवली. पुढून वळून येताना म्हणाली, “पॅनेल बदलावं लागणार, यार.” हा ‘यार’ तिला माझ्यामुळे चिकटला होता.

पॅनेल बदललं. हेम वर गेल्याचं वाक्य राहिलं, पण त्याखाली आणखी एक आलं, ‘आपली हेम कुठे असावी हे काही जणींनी स्वतः ठरवलं.’ निळ्या ड्रेसला मी आतून पातळ जाळीचा आधार दिला आणि तो पट्टीसकट उतरत्या फळीवर निजवला. उभ्या पुतळ्यावर तो स्वतःच्याच वजनाने फाटला असता. शेजारी मण्यांचा आखूड ड्रेस ठेवला. मुलांना काही कठीण गेलं नाही. “This one’s longer. Why?” असं विचारत ती तिथेच जास्त रेंगाळायची.

उद्घाटनाला मिस रूथ व्हीलचेअरवर आल्या. डेनिस ड्रेसचं वर्णन करून सांगू लागली, तर त्यांनी तिला थांबवलं. “मला हात लावू दे.”

म्युझियममध्ये वस्तूला हात लावत नाहीत. बोटांचा घाम रेशमाचा शत्रू. ‘हात लावू नका’ ही पाटी मीच लिहिलेली होती. मी कॅरनकडे पाहिलं.

“शैला,” कॅरन म्हणाली, “तू जरा तिकडे बघ.”

मी तिकडे बघितलं, पण पूर्ण नाही. मिस रूथची बोटं अगदी हलकी, गुडघ्याजवळच्या शिवणीवरून सरकली, तिथून खाली पट्टीवर आणि झिजलेल्या कडेपर्यंत आली.

“आहे,” त्या म्हणाल्या, आणि हॅट सरळ केली.

पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकीला मी एकच नियम शिकवला. टाका उसवण्याआधी तो घालणारीला विचारा. आणि ती आहे तोवर विचारा.