धाकटीचा आकडा

आधीच सांगून टाकते, माझी धाकटी जाऊ वाईट नाही. वाईट असती तर माझं किती सोपं झालं असतं! चार जणींत तिच्या नावाने बोटं मोडली असती आणि मोकळी झाले असते. पण ती उलट बोलत नाही, कुणाची उणीदुणी काढत नाही, आणि यावर कडी म्हणजे तिचा हात हलका आहे. इतका हलका, की भुवया कोरून घ्यायला आडवी झालेली बाई तिच्या खुर्चीत घोरायला लागते. माझ्या हाताखाली आजवर कुणी घोरलेलं नाही.

दुकान माझं. अठरा वर्षं झाली. रस्त्याकडे एक काच, आत दोन खुर्च्या, मागे हात धुवायचं बेसिन आणि मोरी. आधी नुसते केस कापायचे, मग दोऱ्याने भुवया, आणि गेली दहा वर्षं त्वचेत रंग भरून कायमच्या भुवया. त्याचं माझं मशीन म्हणजे आमचा भुंगा. नाव माझ्या नवऱ्याने ठेवलेलं. तारेच्या दोन गुंडाळ्यांचं, लोखंडी, वजनदार, मागे वायर आणि खाली पायाने दाबायची पट्टी. सुरू झालं की शेजारच्या शिंप्याला ऐकू जायचं. पण त्या आवाजावर माझं सगळं काम. सुई वरवर असली की आवाज पातळ, नेमकी खोल गेली की जाड, आणि फार खोल गेली की घोगरा. मी डोळ्यांनी नाही, कानांनी भुवया करायचे.

सहा वर्षांपूर्वी धाकटी लग्न होऊन आली आणि घरी बसून कंटाळते म्हणून मीच तिला दुकानात घेतलं. सुई कशी धरायची, कातडी कशी ताणायची, रंग कसा मिसळायचा, सगळं मी शिकवलं. हे मी सगळ्यांना सांगते. कुणी विचारलं नाही तरी सांगते.

मग तिने स्वतःचं मशीन घ्यायचं काढलं. हल्ली पेनासारखी निघाली आहेत, बिनवायरची, बिनआवाजाची. मी म्हटलं, "घे की एखादं, त्यात काय एवढं." तर ही बाई चार दिवस सामानाच्या दुकानात जात होती. पिशवीत संत्री घेऊन! दुकानदाराने काढून ठेवलेलं एकेक मशीन हातात धरायची आणि संत्र्याच्या सालीवर बारीक रेघा मारत बसायची. रस आला की ते मशीन बाजूला. तिसऱ्या दिवशी दुकानदाराने मला फोन केला.

"ताई, तुमच्या जाऊबाई मशीन घेणार आहेत की फळांचं दुकान टाकणार आहेत?"

मी पोट धरून हसले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी तिने आणलं ते एक करड्या रंगाचं, बुटकं, बिनझगमगाटाचं मशीन. काचेच्या मागच्या रांगेतलं, धूळ बसलेलं. मी नाक मुरडलं. "हे का?"

"हे हातात असलं की हातात काही आहे असं वाटत नाही, वहिनी," ती म्हणाली.

वर्षभरात बायका फोनवर विचारायला लागल्या, "त्या दुसऱ्या ताई आहेत का?" मी दुसऱ्या ताईंना फोन द्यायचे. माझी दहा वर्षांची बँकवाली बाई, जिच्या मुलीच्या बारशापासून मी तिच्या भुवया सांभाळल्या, ती एक दिवस आत आली आणि माझ्याकडे बघून गोड हसून धाकटीच्या खुर्चीत जाऊन आडवी झाली. आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उगाचच कात्र्या धुवायला घेतल्या. धुतलेल्याच होत्या.

हे सगळं चालून गेलं असतं. पण मग सासूबाईंचं निघालं.

सासूबाईंचं मोठं आजारपण वर्षापूर्वी संपलं. औषधांनी केस गेले ते परत आले, भुवया काही आल्या नाहीत. एकेकाळी त्यांनी नुसती एक भुवई वर केली की घरातला गडबडगोंधळ थांबायचा. आता त्या आरशासमोरून जाताना मान खाली घालायच्या. एका दुपारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "दोन महिन्यांनी माझी तपासणी आहे. डॉक्टर हो म्हणाले की मला भुवया करायच्या. रागावले तरी कुणाला कळत नाही घरात."

सगळे हसले. मी हसले नाही. कोण करणार, हे त्या बोललेल्या नव्हत्या. त्यांची नजर माझ्यावरून धाकटीवर गेली आणि ताटावर आली. वीस वर्षं मी त्या घरात. त्यांनी जर धाकटीचं नाव घेतलं तर मग माझी अठरा वर्षं, दुकान, शिकवणी, सगळं कुठे गेलं?

दुसऱ्या दिवशी मी त्याच सामानाच्या दुकानात गेले. संत्री नेली नाहीत. "तिने नेलं त्याच्या वरचं द्या," म्हटलं. दुकानदाराने सोनेरी मशीन काढलं, लांबसडक, चकचकीत, वर आकडा दिसायला छोटीशी काच. चहा येऊन निवायच्या आत मी ते पिशवीत घातलं होतं.

आणि मग माझी खरी पंचाईत सुरू झाली. मशीन चालतंय की बंद आहे तेच कळेना. आवाजच नाही! मी रेघ मारायचे आणि कान टवकारून बसायचे. भुंग्याच्या वजनाला सरावलेला हात या काडीला आपोआप दाबून धरायचा. सरावाच्या रबरी कातडीवर रेघा बऱ्या दिसायच्या, पण रबराचं काय, ते रक्त काढत नाही आणि खपलीही धरत नाही. खरं काय ते महिन्याने बरं झालेल्या कातडीवरच कळतं.

तेव्हा मी एक गोष्ट केली. सांगायला लाज वाटते. धाकटी जेवायला घरी गेली की मी तिच्या मशीनवरचा आकडा बघायचे. वेग किती ठेवते ते. तीन दिवस बघितलं. तिन्ही दिवस सात. मला वाटलं, सापडली किल्ली! म्हणजे हात वगैरे काही नाही, सगळी त्या साताची करामत. मी माझ्या सोनेरी मशीनवर सात लावला, दुकानाचं दार आतून लावलं, नवी सुई चढवली, आणि माझ्याच डाव्या पोटरीवर एकाखाली एक तीन भुवया कोरल्या. ताज्या असताना काय सुरेख दिसत होत्या! मी दोन दिवस हवेत होते.

महिन्याने त्या निळ्या-करड्या झाल्या. रंग फार खोल गेला की असा होतो. तीन जाड, मळकट, रागावलेल्या भुवया, आणि वर मला आयुष्यभर पुरणाऱ्या.

त्याच आठवड्यात दुकानातली मोरी तुंबली. पाणी खुर्च्यांपर्यंत आलं. आम्ही दोघी सलवारी गुडघ्यापर्यंत गुंडाळून केरसुण्या घेऊन भिडलो, आणि पाणी ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं की धाकटी माझ्या पोटरीकडे बघतेय. मी सलवार खाली ओढायला गेले आणि माझी नजर तिच्या पायावर पडली.

घोट्यापासून गुडघ्यापर्यंत भुवया. अकरा. मी मोजल्या. वरच्या चार निळ्या, माझ्याहून निळ्या. मग कुठे फाटलेल्या, कुठे अर्ध्या पुसट. नववी-दहावी बरी. घोट्याजवळची अकरावी मात्र तपकिरी, बारीक, केस आणि केस वेगळा. आणि मी इतके दिवस म्हणत होते, ही एवढ्या उकाड्यातही पाय का झाकते, कुठली एवढी लाजाळू!

"कधी केलंस हे?" मी विचारलं.

"मशीन आणलं तेव्हा. पहिले पाच महिने मी कुणाला हात लावला नव्हता, आठवतं का? तुम्ही म्हणालात, आणून शोभेला ठेवलंय." ती हसली. मग माझ्या पायाकडे बघून हळूच म्हणाली, "वहिनी, आकडा किती लावला होतात?"

मी केरसुणी आपटली. "सात."

ती सगळं समजली. दुसरी कुणी असती तर ओठ तरी मुडपले असते. ती म्हणाली, "माझा सात तुमच्या मशीनवर सात नाही. तुमची सुई जास्त लांब बाहेर येते. आणि तुमचा हात भुंग्यावर तयार झालाय, दाबतो. पाचावर या. आवाज नाही ना, मग करंगळी कातडीवर टेकवून ठेवा. धडधड करंगळीत येते. तिथे ऐका."

मी शिकवलेली पोरगी मला शिकवत होती. वरून बरोबर शिकवत होती. मला तिचा हलका हात डोळ्यांत खुपत होता तो देवाने दिलेला म्हणून. आता तेही राहिलं नाही. तो तिने कमावलेला निघाला, माझ्या नाकाखाली, आणि मी हसत बसले होते. मी पाच लावून पोटरीवर आणखी तीन कोरल्या. पण त्या कशा बसतील ते कळायला महिना हवा होता आणि सासूबाईंची तपासणी तीन आठवड्यांवर आली होती.

डॉक्टर हो म्हणाले. सासूबाई दुकानात आल्या, चपला काढल्या, दोन्ही खुर्च्यांकडे बघितलं आणि माझ्या खुर्चीत बसल्या. "थोरले, तूच कर," म्हणाल्या.

जिंकले होते मी! धाकटीकडे वळून बघायची फार इच्छा झाली, आणि मी बघितलंही. ती निमूटपणे बधिर करायचं मलम काढत होती.

सासूबाईंनी डोळे मिटले. मी आखणी केली, मशीन घेतलं, पाच लावला, करंगळी टेकवली. त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. बोटाखाली सरकायची. माझ्या पोटरीवरच्या त्या तीन निळ्या भुवया मला सलवारीतून दिसायला लागल्या. या कपाळावर तसलं निळं काही उमटलं तर ते पुसता येणार नव्हतं. आयुष्यभर त्या आरशासमोरून मान खाली घालून जाणार, आणि ते माझ्यामुळे. सुई कातडीपासून केसभर वर होती. तिथेच राहिली.

मी मशीन बंद केलं आणि धाकटीपुढे धरलं. तिने माझं घेतलं नाही, स्वतःचं करडं उचललं. मी पलीकडे गेले आणि दोन्ही तळहातांनी सासूबाईंचं कपाळ ताणून धरलं. दोन तास. अर्ध्या तासाने सासूबाई घोरायला लागल्या.

भुवया झाल्या त्या बघत राहाव्या अशा. घरी गेल्या गेल्या त्यांनी सासऱ्यांकडे बघून एक भुवई वर केली आणि सासऱ्यांनी टीव्ही बंद केला. आणि मग सुरू झालं. भाजीवाली, शेजारीण, नणंदेचा फोन, जो विचारील त्याला सासूबाई सांगायच्या, "थोरलीने केल्या." धाकटी तिथेच उभी असायची. मान हलवायची. मला हवं होतं ते अगदी शब्दशः मिळत होतं आणि प्रत्येक वेळी माझ्या अंगाला खाज सुटायची. बँकवाली बाई येऊन म्हणाली, "ताई, सासूबाईंसारख्या मलाही." मी म्हटलं, मला वेळ नाही.

दीड महिन्याने भुवयांवर दुसरा हात फिरवायचा असतो. कुठे रंग उडाला असेल तर भरायचा. तोवर माझी पोटरी नवापर्यंत पोचली होती. पाचावरच्या तीन राखाडी बसल्या होत्या, निळ्या नव्हे. मग मी साडेचार लावला. नववी तपकिरी बसली. मी ती भिंगातून बघितली, उजेडात बघितली, ओल्या फडक्याने पुसून बघितली. तपकिरीच होती.

सासूबाई पुन्हा माझ्याच खुर्चीत बसल्या. धाकटी मागे बेसिनवर हात धूत होती. मला राहवलं नाही.

"आई, मागच्या वेळी मी नव्हत्या केल्या."

"माहीत आहे."

"तुमचे डोळे मिटलेले होते!"

"डोळे मिटले म्हणून काय झालं? तुझे दोन्ही हात माझ्या कपाळावर होते. मशीन काय दातात धरलं होतंस?"

नळाचा आवाज थांबला. मी विचारलं, "मग गावभर माझं नाव का सांगत फिरलात?"

"धाकटी म्हणाली तसं सांगा म्हणून. पहिल्याच दिवशी. म्हणाली, वहिनींनी धरलं म्हणून जमलं."

इतका जळफळाट मला आयुष्यात झाला नव्हता. आकडा चोरून बघता आला होता. हे कुठून बघणार होते मी? वळून काहीतरी टाकून बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर ती हात पुसत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि सासूबाईंच्या डाव्या भुवईकडे बघून म्हणाली, "वहिनी, इथे शेपटाला थोडा उडालाय. सहा-सात रेघा लागतील. तुम्ही भरता का?"

मी सोनेरी मशीन घेतलं. साडेचार लावला. ती पलीकडे गेली आणि तिने कपाळ ताणून धरलं. सासूबाईंनी डोळे मिटले.

"आता कपाळावर हात कुणाचे?" त्यांनी विचारलं.

"धाकटीचे."

"हं. मग चालव."

मी करंगळी टेकवली आणि ऐकलं.