मर्व्हचा डबा आणि कपाटाची किल्ली

लिंडसे ट्रेलोरला आमच्या मेंढ्या भादरायच्या शेडमध्ये सगळे 'मौनी' म्हणतात. त्यावरूनच ओळखा की त्याचं तोंड कधी बंद नसतं. आमच्याकडे टोपणनावं अशीच उलटी. टक्कल पडलेल्याला 'कुरळ्या' आणि दारातून वाकून येणाऱ्याला 'छोटू'. मेंढी भादरता भादरता लिंडसे तिच्याशी गप्पा मारतो, तिच्या लोकरीची तारीफ करतो, मळ्याच्या मालकाची निंदा तिच्या कानात सांगतो. मेंढीलाही ते पटत असावं, कारण त्याच्या गुडघ्यांत ती गुमान पडून राहते. हा माझा मेव्हणा, माझी धाकटी बहीण नोलीन हिचा नवरा. मी भादरणाऱ्यांच्या टोळीचा स्वयंपाकी. त्याच्या पोटात काय जातं ते मी बघायचं आणि डोक्यात काय चाललंय ते नोलीनने, अशी आमची वाटणी होती.

त्याला बायपोलर आहे हे लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं. चढ आला की त्याला काहीही सुचायचं. एका चढात तो बंद पडलेलं चर्च विकत घ्यायला निघाला होता, आत स्केटिंग सुरू करतो म्हणून. उतार आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. चढ ओळखीचा, उतार ओळखीचा. दोन्ही एकाच वेळी येतात हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी शरदात, फ्लिंडर्स डोंगरांच्या पायथ्याशी एका शेडवर होतो. एके दिवशी लिंडसेने जी काही मेंढरं भादरली, ती बघायला बाकीच्यांनी आपापली यंत्रं बंद केली. हात दिसत नव्हता, नुसती लोकर उलगडत होती. आणि तो रडत होता. हुंदका नाही, आवाज नाही, नुसतं पाणी गालांवरून मेंढीच्या मानेवर. आम्ही काय केलं? टाळ्या वाजवल्या. मर्व्ह म्हणाला, "बघा बघा, मेंढी संपली म्हणून रडतोय गडी!" आणि सगळे खो खो हसले. मर्व्ह म्हणजे लोकर दाबून गठ्ठे बांधणारा आमचा म्हातारा.

संध्याकाळी लिंडसे स्वयंपाकघरात आला. बसेना. एका पायावरून दुसऱ्या पायावर, जमीन तापल्यासारखा.

"गॉर्डी, इंजिन फुल चालू आहे रे, आणि मी विहिरीच्या तळाला आहे."

"चहा घे."

"चहा नको. हे घे." त्याने टेबलावर किल्ली ठेवली. त्याच्या घरच्या बंदुकीच्या कपाटाची. "तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी द्यायची नाही. मी काहीही कारण सांगेन. अगदी पटण्यासारखं सांगेन. तरी नाही."

मी विनोदी माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. त्या क्षणी मला एकही विनोद सुचला नाही. किल्ली माझ्याबरोबर सगळीकडे फिरणाऱ्या पिठाच्या डब्यात खोल खुपसली, आणि स्टू शेगडीवर तसाच करपत सोडून त्याला गाडीत घातलं.

गावातल्या इस्पितळात डॉक्टर वीराक्कोडी नावाच्या बाई आहेत, मूळच्या श्रीलंकेच्या. नोलीन तिथेच येऊन थांबली होती. बाईंनी सगळं ऐकलं, किल्लीचंही. त्यांनी त्याला आठवडाभर ठेवून घेतलं, झोप यायचं औषध दिलं, आणि मग आम्हा तिघांना बसवून म्हणाल्या, "याला मिश्र अवस्था म्हणतात. वाईट वाटणंही जोरात आणि अंगातली ताकदही जोरात, म्हणून धोका जास्त. मन स्थिर ठेवणारं औषध लागेल. व्हॅलप्रोएट आहे, या प्रकारात पुष्कळदा चांगलं लागू पडतं. लिथियम आहे, ते जीव द्यायच्या विचारांना आवर घालतं. घरात कुणी काही घेत होतं का?"

"माझा मामा," लिंडसे म्हणाला. "लिथियम. त्यावर आयुष्य काढलं त्याने. अकॉर्डियन वाजवायचा."

"मग तुम्हालाही ते लागू पडायची शक्यता बरी आहे. पण पाणी भरपूर, मीठ रोज सारखं, आणि रक्त तपासत राहायचं. उन्हात घाम फार गेला तर लगेच कळवा."

"हात थरथरतो का?"

"थोडा थरथरू शकतो. व्हॅलप्रोएटनेही."

"म्हणजे थरथरायचं तर आहेच, कुठल्या गोळीच्या परवानगीने एवढंच ठरवायचंय," लिंडसे म्हणाला. नोलीनने त्याला कोपर मारलं. पण मला बरं वाटलं. कित्येक दिवसांनी त्याच्या तोंडून काहीतरी वाकडं आलं होतं.

"आणखी काही औषधं चालू आहेत?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "काही नाही," नोलीन म्हणाली. मीही मान हलवली.

लिथियमने गुण दिला. विहिरीला हळूहळू पायऱ्या फुटल्या. मात्र आमच्या घराला एक नवीन आजार जडला. लिंडसे हसला की नोलीन मला फोन करायची, "दादा, तो हसतोय." गप्प बसला की, "दादा, तो बोलत नाहीये." एकदा त्याने नुसती शिट्टी वाजवली तर ती रडकुंडीला आली. मी तर मिठाचा पहारेकरी झालो. स्टूमध्ये चिमूट टाकताना हात असा जपून चालायचा की कुरळ्या म्हणाला, "गॉर्डी, स्वयंपाक करतोयस की बॉम्ब निकामी करतोयस?"

उन्हाळ्यात तो पुन्हा शेडवर आला. मी पाण्याचा जग घेऊन त्याच्यामागे फिरायचो. "पी." "प्यायलो." "पुन्हा पी." "अरे मी माणूस आहे, हौद नाही!"

आता मर्व्हच्या डब्याबद्दल सांगतो. टॉफीचा जुना पत्र्याचा डबा, झाकणावर राणीचं चित्र, चेहरा घासून गेलेला. चहाच्या सुट्टीत तो बिस्किटांच्या शेजारी फिरतो. आत पाठदुखीच्या गोळ्या, सूज उतरवणाऱ्या, दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतात त्या. भादरणारा म्हणजे अर्धा दिवस कमरेत दुमडलेला माणूस, त्याची पाठ दुखतेच. डबा आला की हात घालायचा, चहाबरोबर गिळायचं. त्याला कुणी औषध म्हणत नाही. तो मर्व्हचा डबा.

काही आठवड्यांनी लिंडसेचा चहा बशीत सांडू लागला. मग बाहीवर. एका सकाळी तो चालताना कुंपणाला धरून चालला आणि शब्द तोंडात घोळवू लागला.

"न्याहारीलाच बिअर?" छोटू ओरडला. "मौनी, आम्हाला सोडून?"

लिंडसेने त्याला उत्तर दिलं नाही. त्याने उत्तर दिलं नाही म्हणून सगळी शेड गप्प झाली. मग तो ओकला, आणि मी जग तिथेच टाकून गाडी काढली.

रक्तात लिथियम चढलं होतं. सलाईनची नळी लावली. डॉक्टरबाई पलंगाजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "पाणी पीत होता ना?"

"हौदासारखा," मी म्हणालो.

"मीठ?"

"तोलून."

"दुसरं काही औषध?"

"काही नाही," नोलीन म्हणाली.

बाई लिंडसेकडे वळल्या. "एवढ्या मेंढ्या भादरता, पाठ दुखत नाही तुमची?"

लिंडसेला जीभ जड असतानाही हसू आलं. "दुखणारच की. त्याला मर्व्हचा डबा आहे."

"काय आहे त्या डब्यात?"

मी सांगितलं. बाईंनी डोळे मिटले. "ते औषध आहे."

"नाही हो, ते डब्यातलं आहे," मी म्हणालो.

"रक्तातलं लिथियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "ती गोळी त्यांची वाट अडवते. वर असा घाम. तुम्ही वेळेवर आणलंत."

दोन दिवसांनी जीभ मोकळी झाल्यावर पुन्हा तीच निवड समोर आली, आणि या वेळी ती जास्त अवघड होती. लिथियम पुन्हा सुरू करायचं, तर डबा बंद आणि उन्हातलं काम बंद. व्हॅलप्रोएट घ्यायचं, तर काम चालेल, पण बिअर जवळजवळ बंद, यकृताच्या तपासण्या, वजन वाढेल. आणि ते याला लागू पडेल की नाही, हे घेतल्याशिवाय कळणार नाही.

"भादरणं गेलं खड्ड्यात," नोलीन म्हणाली. "मला हा हवाय."

"घरी बसून मेंढ्या आठवत राहिलो, तर मला कुठलं औषध बरं करणार गं?" लिंडसे म्हणाला. मग बाईंकडे वळला. "लिथियमवर मी किल्ली विसरलो होतो. नवीन औषध विसरायला लावेल?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पहिले आठवडे जवळून बघू. किल्ली आहे तिथेच राहू दे."

त्याने व्हॅलप्रोएट निवडलं. नोलीनने त्याच्याशी बोलणंच सोडलं, फक्त जेवताना त्याच्याकडे टक लावून बघायची.

त्या आठवड्यांबद्दल मला विचारू नका. एका दुपारी मी माझ्या घरी पावाचं पीठ मळत होतो. लिंडसे दारात आला, भराभरा बोलत. "गॉर्डी, कोल्हा आमच्या कोकरांच्या मागे लागलाय. दोन नेली. किल्ली दे जरा."

कोल्हे खरंच येत होते. शेजारच्या मळ्यावरही आले होते. कारण अगदी पटण्यासारखं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"अरे कोकरं मरतायत!"

"मरू देत."

"तू माझा मेव्हणा आहेस की तुरुंगाधिकारी?"

"स्वयंपाकी. बस."

तो बसेना. तीच तापलेली जमीन, तेच पाय. माझे हात पिठात, आणि किल्ली शेजारच्या डब्यात, हाताच्या अंतरावर. मी डब्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि त्यामुळे मान इतकी ताठ झाली की दुखायला लागली. शेवटी तो पोत्यावर बसला.

"कोल्हा आहे," तो हळू म्हणाला. "पण मी कोल्ह्यासाठी मागितली का, ते मलाच कळेना."

पिठाच्या हातांनीच मी डॉक्टरबाईंना फोन लावला. फोनला अजून ते पीठ चिकटलेलं आहे. त्यांनी त्याला त्याच दिवशी बोलावून घेतलं, मात्रा वाढवली, रात्रीसाठी एक गोळी जोडली, आणि नोलीनने पुन्हा त्याच्याशी बोलायला सुरुवात केली, शिव्यांपासून. कोल्ह्याला शेजाऱ्याने गाठलं.

आता पुन्हा थंडी आहे. लिंडसे शेडवर आहे, पोट सुटलंय, हात किंचित थरथरतो. पहिल्या दिवशी त्याने मेंढी ओढली तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. त्याने मान वर केली.

"अरे काहीतरी बोला, हरामखोरांनो! अंत्ययात्रेला आलात का?"

"मेंढीच थरथरतेय," मर्व्ह म्हणाला. "तुझं पोट बघून."

मग कुठे शेडने श्वास सोडला. मर्व्हचा डबा अजून फिरतो, पण लिंडसेला वगळून. आणि त्याच्यासाठी मर्व्ह गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन येतो, जिच्यावर त्याच्या बायकोने विणलेलं गुलाबी कव्हर आहे. यावरून लिंडसेला जे ऐकावं लागतं ते इथे लिहिता येत नाही.

दर रविवारी तो स्वयंपाकघरात डोकावतो.

"गॉर्डी, आहे का?"

"आहे."

"असू दे," तो म्हणतो, आणि मी पिठाच्या डब्याकडे बघत नाही.