शेऱ्याखालचा अंगठा

माझ्या शेवंताच्या मुलीचं बारसं झालं, त्या साली. बारशाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून चटईवर पडले आहे, हातात पाळण्याची दोरी. डोळा लागतो न लागतो तोच दोरी ओली लागते. ती दोरी नाही, नळ्या धुवायचा ब्रश आहे, आणि मी प्रयोगशाळेच्या सिंकपाशी उभी आहे.

मागे टिपणीस बाई. त्यांच्याकडे मी अकरा वर्षं काचसामान धुतलं. त्या वारल्यात हे मला इथेही ठाऊक आहे, म्हणून वळत नाही.

"भागूमावशी, रागावलात?"

"काम काय ते सांगा."

त्या एक नळी उजेडात धरतात. हीच ती. बाई कायनेज नावाच्या प्रोटीनवर काम करत. ते दुसऱ्या प्रोटीनांवर फॉस्फेटचा ठसा मारून त्यांना कामाला लावतं. या नळीत ते एकटंच होतं, ठसा मारायला दुसरं काही नव्हतं. तरी फिल्मवर काळा पट्टा उठला, म्हणजे ठसा पडल्याची खूण. बाईंनी वहीत शेरा लिहिला, नळी नीट धुतली नव्हती. मला म्हणाल्या, इथे अंगठा द्या. मला अक्षर येत नव्हतं. साबण मिळाल्याची नोंद असेल म्हणून दिला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या हाती जिन्याचा झाडू आला.

"ठसा त्यानंच मारला होता," बाई सांगतात. "स्वतःवर."

"दोन वर्षांनी कळलं ना तुम्हाला? जिन्यातच होते मी. रोज शेजारून जात होतात."

आम्ही आता जिन्यात बसलो आहोत. पायरीवर ती वही.

"आणि ते स्वतःवर ठसे मारतच सुटलं तर?" मी विचारते.

"एका जागी ठसा बसला की ते जागं होतं. दुसऱ्या जागी बसला की स्वतःलाच आवरतं."

"मग माझ्यासारखंच की. मीही माझ्याच अंगठ्यानं बंद पडले."

"म्हणूनच आले." वही माझ्याकडे सरकते. "नवा शेरा लिहिलाय. इथे अंगठा द्या."

तेच शब्द. मी हात पदराखाली घेते.

"आधी वाचते."

"वाचता येतं?"

"जिन्यात शिकले, दारांवरच्या पाट्यांवरून. पहिलं तुमचंच नाव लागलं."

बोट ठेवून वाचते. नळी स्वच्छ होती. पान उलटून बघते, मागे आणखी काही लिहिलंय का. कोरं आहे.

"सही करते."

"अंगठाच लागेल, मावशी. बंद केलं त्यानंच उघडायचं."

काही तरी डाव असेल. पुन्हा एकदा वाचते, मग देते.

नात रडते. दोरी हातातून सुटली आहे. उजवा अंगठा जांभळा आहे. वास घेऊन बघते, शाईच. सही शिकल्यापासून घरात शाईचं पॅड कधी आलेलं नाही.

डॉक्टर निर्मला टिपणीस आदल्या वर्षी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, हृदयविकारानं वारल्या. वहीतला शेरा त्यांनी खोडलेला नव्हता.